जगज्जेतेपदाची लढत पुण्यात? आधी हमीचं बोला

प्रश्न कोथरूडहून आला आहे. विचारणारे इंजिनिअर आहेत, काही वर्षं गणेश मंडळाचे खजिनदार होते आणि हल्ली मुलीला बुद्धिबळाच्या क्लासला सोडायला जातात. त्यांचं म्हणणं असं: चेन्नईला आनंद-कार्लसन झालं, सिंगापूरला गुकेश-डिंग झालं. पुण्यात एवढे कारखाने आहेत, एवढ्या आयटी कंपन्या आहेत. दहा-बारा प्रायोजक, तिकिटं आणि प्रक्षेपणाचे हक्क एवढ्यावर जगज्जेतेपदाची लढत इथे का होऊ नये? पैसा नेमका कुठे जातो? आणि बालगंधर्वला भरवली तर?

मी तीस वर्षं पुण्यात आणि आसपास स्पर्धा भरवतोय. शाळेच्या हॉलमधल्या साठ पोरांच्या स्पर्धेपासून परदेशी ग्रँडमास्टर येणाऱ्या खुल्या स्पर्धेपर्यंत. जगज्जेतेपदाची लढत काही मी भरवलेली नाही. भारतात ती भरवलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. पण गाडं लहान स्पर्धेत जिथे अडतं तिथेच मोठ्या स्पर्धेतही अडतं. म्हणून उत्तर द्यायचं धाडस करतो.

आधी आकडे. २०२४ च्या लढतीसाठी फिडेने, म्हणजे जागतिक महासंघाने, अर्ज मागवले तेव्हा अपेक्षित खर्च ८५ लाख डॉलर धरला होता. त्या वेळच्या दराने साधारण ७१ कोटी रुपये. यात खेळाडूंचं बक्षीस २५ लाख डॉलर आणि फिडेचं स्वतःचं शुल्क ११ लाख डॉलर. लोकांना वाटतं की बक्षीस हाच खर्च. प्रत्यक्षात तो एकूण खर्चाच्या तिसऱ्या हिश्शाइतकाही नाही. उरलेले ४९ लाख डॉलर जागा, हॉटेल, दोन्ही खेळाडू आणि त्यांच्याबरोबरचे प्रशिक्षक, पंच, प्रक्षेपण, सुरक्षा, उद्घाटन आणि समारोप यांत जातात. चौदा डाव, मधल्या विश्रांतीच्या दिवसांसह जवळपास तीन आठवडे. पटावर माणसं दोन, पण त्या दोघांसाठी उभं राहणारं घर लग्नघराएवढं असतं आणि ते तीन आठवडे चालतं.

बक्षिसाची वाटणीही बघण्यासारखी आहे. सिंगापूरला प्रत्येक विजयाला दोन लाख डॉलर आणि उरलेली रक्कम दोघांत समान, असा नियम होता. गुकेशने तीन डाव जिंकले, डिंग लिरेनने दोन. त्यामुळे गुकेशला साडेतेरा लाख आणि डिंगला साडेअकरा लाख डॉलर मिळाले. हरणाऱ्याला एवढं का, असं आमच्या कट्ट्यावर एकाने विचारलं होतं. कारण दोघांपैकी एकाचाही तोल गेला तर लढतच नाही. फुटबॉलमध्ये एक खेळाडू रुसला तर दुसरा उतरतो. इथे राखीव खेळाडू नसतो.

आता तिकिटं. चारशे खुर्च्या धरा, सरासरी हजार रुपये तिकीट धरा आणि चौदाही दिवस हॉल भरला असंही धरा. झाले ५६ लाख. ७१ कोटींच्या एक टक्काही नाही. शिवाय हे चौदा दिवस होतीलच याची खात्री काय? २०१३ ला चेन्नईत बारा डाव ठरले होते, कार्लसनने दहातच संपवलं. २०२१ ला दुबईत चौदा ठरले होते, अकरात संपलं. शेवटच्या आठवड्याची तिकिटं सगळ्यात महाग, तीच परत करावी लागतात. बरं, उलटंही होऊ शकतं. बरोबरी झाली तर टायब्रेकचा, म्हणजे निकाल लावणाऱ्या जादा जलद डावांचा दिवस लागतो, म्हणजे हॉल त्या दिवसासाठी आधीच धरून ठेवायचा आणि भाडंही द्यायचं. नाटकवाल्याला प्रयोग कधी आहे हे माहीत असतं. आपल्याला शेवटचा प्रयोग कोणता, हे प्रयोग संपल्यावर कळतं.

जुना काळ तर याहून कठीण होता. १९८४ ला मॉस्कोत कार्पोव-कास्पारोव लढत सुरू झाली तेव्हा नियम होता की जो सहा डाव जिंकेल तो जिंकला, बरोबऱ्या मोजायच्या नाहीत. सप्टेंबरात सुरू झालेली लढत फेब्रुवारी उजाडला तरी चालूच. अठ्ठेचाळीस डाव झाले, त्यातले चाळीस बरोबरीत. कार्पोव ५-३ ने पुढे असताना १५ फेब्रुवारी १९८५ ला फिडेच्या अध्यक्षांनी ती निकालाविना थांबवली. मधेच हॉलही बदलावा लागला होता. खेळाडू थकले, कोणाला वाचवलं, यावर लोक आजही भांडतात. मी त्याकडे संयोजक म्हणून बघतो तेव्हा मला फक्त एवढंच दिसतं: शेवटची तारीख नसलेला करार. त्यानंतर डावांची संख्या ठरवून देण्यात आली, आणि हे शहाणपण संयोजकांच्या फार कामी आलं.

प्रक्षेपणाच्या हक्कांबद्दल तुमची आशा मोठी दिसते. क्रिकेटमुळे आपल्याला ती सवयच आहे. पण बुद्धिबळाच्या डावाचा गाभा म्हणजे खेळ्या, आणि खेळी एकदा खेळली की ती बातमी होते. २०१६ ला न्यूयॉर्कच्या कार्लसन-कर्याकिन लढतीत संयोजक कंपनीने दुसऱ्या संकेतस्थळांना थेट खेळ्या दाखवू नका म्हणून कोर्टात खेचलं. अमेरिकेतल्या न्यायालयाने मनाई हुकूम नाकारला. म्हणजे तुम्ही ७१ कोटी खर्चून सोंगट्या हलवायच्या आणि घरी बसलेला कोणीही मोफत समालोचन करून त्यावर जाहिराती घ्यायच्या, हे कायद्याला मंजूर आहे. विकता येतं ते चित्र: चेहरे, हात, घड्याळाकडे गेलेली नजर. ते चित्र विकत घेणारा मोठा ग्राहक एका देशात असू शकतो. चेन्नईच्या वेळी नॉर्वेच्या सरकारी वाहिनीने कार्लसनसाठी तासन् तास दिले. त्या वेळी गिऱ्हाईक नॉर्वेत होतं आणि सामना मद्रासेत.

चित्राच्या भरवशावर राहण्यातला धोका १९७२ ला रेक्याविकमध्ये दिसला होता. फिशर-स्पास्की लढतीचं चित्रीकरण करायचे हक्क एका अमेरिकी निर्मात्याला दिले होते आणि आइसलँडच्या संयोजकांची त्या उत्पन्नावर बरीच मदार होती. फिशरला कॅमेऱ्यांचा आवाज खपेना. पहिला डाव तो हरला, दुसऱ्याला आलाच नाही, तिसरा मागच्या एका खोलीत प्रेक्षकांशिवाय खेळला. चित्रीकरणाचं उत्पन्न तिथेच बुडालं. आणि हे व्हायच्या आधी काय झालं होतं, ते तर फारच बोलकं आहे. अर्धी लढत बेलग्रेडला आणि अर्धी रेक्याविकला असं ठरलं होतं. बेलग्रेडने फिशर येईल याची पैशाच्या रूपात हमी मागितली, ती मिळाली नाही, बेलग्रेड बाजूला झालं. रेक्याविकने सगळी लढत अंगावर घेतली. उद्घाटन झालं तरी फिशर न्यूयॉर्कमध्येच. शेवटी जिम स्लेटर या इंग्लिश धनाढ्याने स्वतःच्या खिशातून ५० हजार पौंड टाकून सव्वा लाख डॉलरचं बक्षीस दुप्पट केलं, तेव्हा कुठे स्वारी विमानात बसली.

या गोष्टीत पैसा आणणारे तीन प्रकारचे लोक दिसतात आणि तुम्हाला तेच समजून घ्यायचे आहेत. एक, ज्याने "नाही झालं तर?" असं विचारलं आणि उत्तर न मिळाल्यावर निघून गेला. दोन, ज्याने "नाही झालं तर आम्ही बुडू" हे मान्य करून हात घातला. तीन, ज्याने ऐन वेळी हौसेने पैसे टाकले. तिसऱ्यावर कोणी स्पर्धा आखू नये. पहिला चुकला असं मी म्हणणार नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही निघून गेलो असतो. लढत होते ती दुसऱ्यामुळे. आकडा जमवणं अवघड असतंच, पण त्याहून अवघड म्हणजे हा दुसरा माणूस शोधणं. यालाच मी हमी म्हणतो.

ही हमी पूर्वी खेळाडूलाच द्यावी लागायची. १८८६ च्या पहिल्या जगज्जेतेपदाच्या लढतीत स्टाइनिट्झ आणि झुकरटोर्टच्या बाजूंनी प्रत्येकी दोन हजार डॉलर पैजेला लावले होते. तेव्हाचा जगज्जेता कापाब्लांका याने १९२२ ला नियम केले की आव्हान देणाऱ्याने दहा हजार डॉलर उभे करावेत, मग बोलू. निम्झोविचने आव्हान दिलं, पण पैसे उभे राहिले नाहीत आणि विषय संपला. आल्येखिनच्या मागे अर्जेंटिना उभी राहिली म्हणून १९२७ ला ब्युनोस आयर्सला लढत झाली. पटावर कोण बसणार हे तेव्हा पटाबाहेर ठरत होतं. १९४८ नंतर फिडेने पात्रता फेऱ्या आणल्या आणि खेळाडूच्या डोक्यावरचा हा भार उतरला. तो गेला मात्र कुठेच नाही, संयोजकाच्या डोक्यावर आला.

आणि फिडेबाहेर गेलं की तो पुन्हा खेळाडूवर येतो. १९९३ ला फिडेने मँचेस्टरची बोली स्वीकारली होती. जगज्जेता कास्पारोव आणि आव्हानवीर शॉर्टने ती धुडकावली, स्वतःची संघटना काढली आणि लंडनच्या 'द टाइम्स'च्या १७ लाख पौंडांवर खेळले. मँचेस्टरवाल्यांचं काय झालं असेल हा विचार माझ्याखेरीज फार कोणी करत नसावं! दोन वर्षांनी इंटेलच्या पैशावर कास्पारोव-आनंद लढत न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या १०७ व्या मजल्यावर झाली, पंधरा लाख डॉलर बक्षीस. मग इंटेलने हात काढला आणि ती संघटनाही विरली. १९९८ ला अलेक्सेई शिरोवने क्रामनिकला हरवून कास्पारोवशी खेळायचा हक्क मिळवला. प्रायोजकच मिळाला नाही. शिरोवच्या विजयाचं मोल त्या पुढच्या लढतीत मिळायचं होतं, ती लढत झालीच नाही. २००० ला लंडनमध्ये दुसऱ्या प्रायोजकाचे वीस लाख डॉलर आले तेव्हा कास्पारोवसमोर बसला तो क्रामनिक, शिरोवने हरवलेला. तो जिंकून जगज्जेताही झाला. शिरोवचं नाव निघालं की मला आजही कसंतरी होतं.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो, रक्कम फारच किरकोळ आहे. काही वर्षांपूर्वी एका खुल्या स्पर्धेला मुख्य प्रायोजक मिळाला. साहेबांनी हातात हात घेऊन सांगितलं, "छापून टाका आमचं नाव." आम्ही फ्लेक्स छापले, पत्रकं वाटली, परदेशी खेळाडूंना बोलावणी गेली. स्पर्धेच्या अकरा दिवस आधी त्या कंपनीत वरचे बदलले, नव्या साहेबांना बुद्धिबळात रस नव्हता. त्यांनी फसवलं असं मी म्हणणार नाही, लेखी काहीच नव्हतं. बक्षिसं दिली, वेळेवर दिली. मेव्हण्याकडून घेतलेले पैसे फेडायला मला दोन वर्षं लागली, आणि बायकोने त्या वर्षीची उरलेली फ्लेक्सं गच्चीवर पावसाळ्यात झाकण म्हणून वापरली. अजून आहेत.

तेव्हापासून मी प्रायोजकाशी बोलताना आकड्याआधी तारीख विचारतो. कंपन्या बिल दिल्यावर दोन-तीन महिन्यांनी पैसे देतात. फिडेला मात्र सामन्याआधी खात्री हवी असते, बँक हमी किंवा आगाऊ भरणा. ही मधली दरी कोणी भरायची? दहा-बारा प्रायोजक जमवायची तुमची कल्पना इथेच अडते. मंडळात पावतीपुस्तक फाडताना एक दुकानदार नाही म्हणाला तर आरास थोडी लहान करता येते. इथे बारातले दोन गळले तर चौदा डावांचे बारा करता येत नाहीत. एकच मोठा हमीदार हवा. बाकीचे अकरा त्याचा भार हलका करायला.

कंपन्यांकडे जाणार असाल तर दोन गोष्टी पाठ करून जा. पहिली सीएसआरची. कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, आणि सगळ्यांना वाटतं की बुद्धिबळ त्यात बसेल. त्या यादीत खेळ आहेत, पण शब्द 'प्रशिक्षण' असा आहे. आणि जाहिरातीचा फायदा घेण्यासाठी दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये चालत नाही, हे २०२१ च्या नियमांत स्पष्टच लिहिलं आहे. म्हणजे लढतीच्या पडद्यामागे ज्याचं नाव झळकणार, त्याचा पैसा विपणन विभागातून यायला हवा. सीएसआरवाल्याकडे जायचं असेल तर जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या प्रशिक्षणाचा वेगळा कार्यक्रम घेऊन जा. दोन्ही खिसे एकाच कोटाचे असले तरी शिवण वेगळी आहे.

दुसरी कराची. प्रायोजकत्वावर १८ टक्के जीएसटी आहे. "एक कोटी देऊ, सगळं धरून" असं कोणी म्हटलं तर त्याचा अर्थ पावणेपंच्याऐंशी लाख होतो, आणि तो कर कोणी भरायचा हे लेखी घ्यावं लागतं. परदेशी खेळाडूने भारतात खेळून मिळवलेल्या रकमेवर २० टक्के कर कापावा लागतो, वर अधिभार. बक्षीस 'कर वजा जाता' द्यायचं असं करारात असेल तर तो कर तुमच्या खिशातून जातो. परदेशी खेळाडूच्या हातात दहा लाख डॉलर पडायला हवेत तर तुम्हाला किमान साडेबारा लाख काढून ठेवावे लागतील. आणि हे सगळं डॉलरमध्ये, तुमची जमा मात्र रुपयांत. बक्षीस आणि फिडेचं शुल्क मिळून ३६ लाख डॉलर. डॉलर एका रुपयाने वधारला तर बसल्या जागी ३६ लाखांचा खड्डा. मघाशी तिकिटांतून आलेल्या ५६ लाखांची आठवण ठेवा.

मग भारतात हमीदार कोण? आतापर्यंतचं उत्तर एकच, राज्य सरकार. २०१२ साठी चेन्नई उत्सुक होती, पण मॉस्कोने जास्त देऊ केलं. तिथे आंद्रेई फिलातोव या उद्योगपतीने साडेपंचवीस लाख डॉलरचं बक्षीस ठेवलं आणि लढत चक्क त्रेत्याकोव चित्रसंग्रहालयात भरवली, कारण त्याला रशियन चित्रकलेकडे जगाचं लक्ष वळवायचं होतं. २०१३ ला तमिळनाडू सरकारने २९ कोटी मंजूर केले आणि लढत चेन्नईला आली. खुली बोली न मागवता ती दिली म्हणून कार्लसनच्या बाजूने नाराजीही व्यक्त झाली. पुढच्याच वर्षी तेच दोन खेळाडू सोचीला खेळले तेव्हा बक्षीस दहा लाख युरोंवर आलं होतं. खेळाडू तेच, खेळ तोच, मग किंमत का उतरली? कारण ती कधी खेळाची नव्हतीच. पैसे देणाऱ्याला त्या वर्षी काय हवं आहे, त्याची ती किंमत असते.

तमिळनाडूला ते नेमकं माहीत आहे. २०२२ ला युद्धामुळे बुद्धिबळ ऑलिम्पियाड, म्हणजे देशोदेशींच्या संघांची स्पर्धा, रशियातून काढून घेतलं तेव्हा मार्चमध्ये ते चेन्नईला मिळालं आणि जुलैअखेरीस मामल्लपुरमला सुरूही झालं. चार महिने! आमच्याकडे चार महिन्यांत मैदानाची परवानगी मिळाली तरी पेढे वाटतात. एवढी तयारी असूनही २०२४ ला काय झालं? भारतातून दोन अर्ज गेले, चेन्नईचा आणि दिल्लीचा, आणि लढत सिंगापूरला गेली. घरातल्या घरात दोन पत्रिका काढल्यावर पाहुण्यांचा गोंधळ व्हायचाच, असं माझं खासगी मत.

महाराष्ट्र सरकारला बुद्धिबळाचं वावडं नाही. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ ला महिला विश्वचषक जिंकला तेव्हा राज्याने तिला तीन कोटी दिले, आणि योग्यच केलं. पण जिंकल्यावर बक्षीस देणं आणि कोण जिंकेल माहीत नसताना वर्षभर आधी हमीवर सही करणं, या दोन फायली वेगवेगळ्या टेबलांवर असतात. तुम्ही दुसऱ्या टेबलाकडे जाणार आहात. तिथे बुद्धिबळाची थोरवी सांगू नका. पर्यटन, गुंतवणूक, पुण्याचं नाव किती देशांत किती दिवस दिसेल, हे सांगा. आणि अर्ज भारतीय बुद्धिबळ महासंघामार्फत एकच जाईल याची खात्री करा.

पुण्याला अनुभव नाही असंही नाही. २०१४ ची जागतिक ज्युनिअर स्पर्धा इथे झाली, एप्रिल २०२५ ला महिलांच्या ग्रां प्री या स्पर्धामालिकेचा एक टप्पा झाला आणि कोनेरू हम्पीने तो जिंकला. दहा खेळाडू, नऊ फेऱ्या. ते नीट पार पडलं. पण ग्रां प्रीमध्ये एका पटावर काही खुट्ट झालं तर बाकी चार पट चालू राहतात. दोघांच्या लढतीत खुट्ट झालं की तीच जगभरची बातमी.

आता बालगंधर्व. माझाही जीव आहे त्या वास्तूवर, तिथल्या कँटीनच्या बटाटेवड्यावर तर जास्तच. पण नाही. हल्ली खेळाडूंना काचेच्या बंद खोलीत बसवतात, आवाज आत येत नाही आणि प्रेक्षक आतून दिसत नाहीत. विश्रांतीच्या खोल्या, स्वच्छतागृह, तिथपर्यंतचा रस्ता, सगळं तपासून बंद ठेवावं लागतं, मोबाइलची लहरही आत जाता कामा नये. २००६ ला रशियातल्या एलिस्टात क्रामनिक-टोपालोव लढत स्वच्छतागृहावरून मोडायची वेळ आली होती. एक डाव न खेळताच गेला. हे सगळं बंदिस्त तीन आठवडे उभं ठेवायचं तर रोज सकाळ-दुपार-रात्र वेगळे प्रयोग लावणारं नाट्यगृह उपयोगाचं नाही. बालेवाडीचं क्रीडासंकुल जागेला उत्तम, पण खेळाडूला हॉटेलपासून रोज गाडीने न्यावं लागेल, आणि संध्याकाळचं बाणेर मी तुम्हाला सांगायला नको. चेन्नई आणि सिंगापूर दोन्हीकडे हॉटेलच्या आवारातच खेळवलं. खेळाडू लिफ्टने उतरतो आणि पटावर बसतो. यात मोडण्यासारखं फार कमी आहे.

प्रवासाचंही तेच. लोहगावला थेट आंतरराष्ट्रीय विमानं मोजकीच, विमानतळही हवाई दलाचा. मुंबईला उतरवून द्रुतगती मार्गाने आणायचं तर घाटात दोन तास अडकलेला आव्हानवीर डोळ्यांसमोर आणा. २०१० ला ज्वालामुखीच्या राखेने युरोपची विमानं बंद पडली, आनंद जगज्जेतेपदाच्या लढतीसाठी फ्रँकफर्टहून सोफियापर्यंत सुमारे चाळीस तास रस्त्याने गेला. लढत पुढे ढकलायला त्याने तीन दिवस मागितले होते, एकच मिळाला. पहिला डाव तो हरला आणि लढत शेवटी जिंकला, पण सगळे आनंद नसतात. चार दिवस आधी आणा आणि हॉटेलचे ते चार दिवस अंदाजपत्रकात लिहा.

गुरुवारचं विसरू नका. देखभालीसाठी पाणी बंद राहायचे दिवस, वीज जाण्याचे दिवस बहुधा गुरुवारच. हॉटेलकडे टँकर आणि जनरेटर असतो, पण वीज गेल्यापासून जनरेटर सुरू होईपर्यंतच्या काही सेकंदांत इलेक्ट्रॉनिक पट आणि प्रक्षेपणाची यंत्रणा बंद पडू शकते. त्यासाठी वेगळा यूपीएस लावा, आणि विश्रांतीचा दिवस शक्यतो गुरुवारी टाका. फिडे वेळापत्रक मंजूर करताना कारण विचारेल, तर खरं सांगा.

शेवटचं राहिलं ते तारखांचं. अलीकडच्या बऱ्याच लढती नोव्हेंबर-डिसेंबरात झाल्या आहेत. पुण्यात तेव्हा हवा सुरेख, आणि लग्नाचे मुहूर्तही तेव्हाच. हॉटेल ठरवताना नुसता हॉल बुक करू नका. लॉनही बुक करा, तीनही आठवडे, आणि वरात, बँड, फटाके आवारात येणार नाहीत हे करारात लिहून घ्या. व्यवस्थापक आधी हसेल, मग त्या मुहूर्तांचे पैसे मागेल. ते द्या.